चवडा उचलेना, पण आत वळतो : भांगलणीनंतर लुळ्या पडलेल्या एका पावलाचे प्रकरण

पावलाचा चवडा वर उचलता न येणे, म्हणजे डॉक्टरी भाषेतला ‘फूट ड्रॉप’, हे दिसायला एकच लक्षण असले तरी त्याचे मूळ कमरेच्या मणक्यापासून गुडघ्याखालच्या बाहेरील हाडापर्यंत मज्जातंतूच्या वाटेवर कोठेही असू शकते. पायाला पुरवठा करणाऱ्या मुख्य मज्जातंतूंची वाट माहीत असेल, तर ते मूळ बहुतेक वेळा तपासणीच्या टेबलावर, केवळ हाताने सापडते. पुढील प्रकरण त्याच दृष्टीने सविस्तर मांडले आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

रुग्ण बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील, चाळिशी ओलांडलेल्या एक शेतकरी बाई. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांना बरेच दिवस ताप येत राहिला, जेवण तुटले आणि वजन डोळ्यांत भरण्याइतके उतरले. त्या काळात गावाजवळच्या एका दवाखान्यात त्यांना उजव्या कुल्ल्यावर इंजेक्शने देण्यात आली होती. ताप गेल्यावर अशक्तपणा पुरता भरून येण्याआधीच त्या धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेल्या भाताच्या भांगलणीला (तण काढायला) उतरल्या. पेरणीच्या भातात तणाचा जोर मोठा असतो आणि पहिली भांगलण लांबली तर पुढे पीक हाती लागत नाही, त्यामुळे घरातले कोणी त्यांना थांबवू शकले नाही. हातात खुरपे, डोक्यावर इरले आणि दोन्ही गुडघे पूर्ण दुमडून उकिडवे बसून पुढे सरकत राहणे, असे सलग काही दिवस चालले. एका संध्याकाळी बांधावर उभ्या राहिल्या तेव्हा उजव्या पायाला गुडघ्याखाली मुंग्या आल्या होत्या. मुंग्या नेहमीच येतात आणि चालले की जातात, म्हणून त्यांनी लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चवडा जमिनीला घासू लागला. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, “चप्पल पायात राहिनाच झालीय, आणि कधी सुटली ते कळत पण नाही.”

या एका वाक्यात दोन तक्रारी आहेत. चप्पल सुटते, कारण बोटे व चवडा वर धरणारे स्नायू काम करीत नाहीत. आणि ती सुटल्याचे कळत नाही, कारण पावलाच्या वरच्या भागाची संवेदना कमी झाली आहे. स्नायू आणि त्वचा या दोहोंना एकाच वेळी झळ लागली असेल, तर दोष बहुधा स्नायूत नसून मिश्र, म्हणजे हालचाल व संवेदना दोन्ही वाहणाऱ्या, मज्जातंतूत किंवा त्याच्या मुळाशी असतो, एवढे येथेच सूचित होते.

आमच्याकडे त्या पोचल्या तेव्हा चार आठवडे उलटले होते आणि आजाराची तीन वेगवेगळी कारणे घरात ठरलेली होती. सासूबाईंच्या मते पायावरून वारे गेले होते. मुलाच्या मते इंजेक्शन नसेवर बसले होते, आणि त्या दवाखान्याविरुद्ध तक्रार करण्याची तयारीही त्याने केली होती. तिसरे कारण कागदावर होते: कमरेच्या एमआरआयमध्ये चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली चकती किंचित मागे सरकलेली दिसत होती, आणि ‘मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन लागेल’ असे कोणीतरी सांगितले होते. सोबतच्या चिठ्ठ्या काही कानडीत, अहवाल इंग्रजीत आणि हकिगत मराठीत. या सीमाभागात हे रोजचेच असले, तरी ‘आधी ताप, मग इंजेक्शन, मग भांगलण, मग पाय’ हा क्रम कोणत्याही कागदावर एकसलग लिहिलेला नव्हता. तो बाईंकडूनच पुन्हा सगळा काढून घ्यावा लागला.

पायाकडे जाणारे मज्जातंतू दोन जाळ्यांतून निघतात. कमरेचे जाळे पहिल्या ते चौथ्या कटिमुळांपासून (कमरेच्या मणक्यांतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांपासून) बनते आणि पोटाच्या मागच्या भिंतीवरील सोआस स्नायूच्या आत असते. त्यातील फीमोरल मज्जातंतू दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मुळांतून निघून जांघेतल्या अस्थिबंधाखालून, मांडीच्या मुख्य रोहिणीच्या बाहेरच्या अंगाने पायात उतरतो, गुडघा सरळ करणाऱ्या मांडीच्या पुढच्या स्नायूंना चालवतो आणि त्याची सॅफेनस ही त्वचेची शाखा नडगीच्या आतल्या बाजूने पावलाच्या आतल्या कडेपर्यंत पोचते. त्याच तीन मुळांतून निघणारा ऑब्च्युरेटर मज्जातंतू मांड्या जवळ आणणाऱ्या स्नायूंकडे जातो. आमच्या रुग्णाच्या बाबतीत या दोघांचे काम अगदी शाबूत होते: गुडघा पूर्ण ताकदीने सरळ होत होता, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे सारखी होती आणि नडगीच्या आतल्या बाजूची संवेदना नेहमीसारखी होती. म्हणजे चौथे मूळ व त्यावरचा भाग संशयातून जवळजवळ बाहेर गेला.

खरा प्रश्न दुसऱ्या जाळ्याचा, म्हणजे कमरेखालच्या त्रिकास्थीजवळच्या जाळ्याचा. त्यातून सायटिक मज्जातंतू निघतो. चौथ्या कटिमुळापासून तिसऱ्या त्रिकमुळापर्यंतच्या (त्रिकास्थीतून निघणाऱ्या मुळापर्यंतच्या) तंतूंचा बनलेला हा शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू आहे आणि सुरुवातीला त्याची रुंदी सुमारे २ सेंटीमीटर असते. तो बहुतेकांत पिरिफॉर्मिस स्नायूच्या खालून कुल्ल्यात येतो, बैठकीचे हाड आणि खुब्याबाहेरचा उंचवटा यांच्या मधून खाली वळतो व मांडीच्या मागच्या स्नायूंच्या आड उतरतो. एकच मज्जातंतू म्हणून त्याचे वर्णन होत असले तरी आतून तो दोन आहे. टिबियल व कॉमन पेरोनियल हे दोन घटक एका आवरणात शेजारी शेजारी चालतात आणि सामान्यतः गुडघ्याच्या लवणीच्या वरच्या टोकाशी वेगळे होतात. पेरोनियल घटक बाहेरच्या बाजूला असतो. त्याचे तंतू कमी पण जाड जुड्यांत असतात, त्यांच्यामधली संरक्षक ऊतक पातळ असते, आणि तो वर कुल्ल्याच्या खाचेशी व खाली फिब्युला या गुडघ्याखालच्या बाहेरील हाडाच्या मानेशी (वरच्या टोकाखालच्या निमुळत्या भागाशी) असा दोन्ही टोकांना जखडलेला असतो. म्हणूनच कुल्ल्यात सायटिकला अर्धवट इजा झाली तरी बहुधा पेरोनियल घटकच आधी व जास्त मार खातो, आणि चित्र अगदी गुडघ्याखालच्या इजेसारखे दिसते. मुलाचा इंजेक्शनवरचा संशय या कारणाने अडाणीपणाचा मुळीच नव्हता. इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या बाहेरील चतुर्थांशातच द्यावे, हा नियम याच मज्जातंतूसाठी आहे.

लवणीतून बाहेर पडल्यावर टिबियल पोटरीत खोल शिरतो. पोटरीचे स्नायू, पाऊल आत वळवणारा टिबियालिस पोस्टीरियर, बोटे खाली दाबणारे स्नायू आणि तळव्याची त्वचा हा सारा त्याचा कारभार आहे. कॉमन पेरोनियल हा मांडीच्या मागच्या बायसेप्स फीमोरिस स्नायूच्या कंडरेलगत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीलगत) खाली उतरतो आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या मानेला वळसा घालून पुढे येतो. येथे त्याच्या आत हाड आहे आणि बाहेर त्वचा व थोडी चरबी, बस्स. बोटाने चाचपले तर तो हाडावर घरंगळताना लागतो. पुढे पेरोनियस लाँगस स्नायूच्या तंतुमय कमानीखालून जाताना त्याच्या दोन शाखा होतात. खोल शाखा चवडा व बोटे उचलणाऱ्या स्नायूंकडे जाते आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यातील त्वचेला संवेदना देते. वरवरची शाखा पाऊल बाहेर वळवणाऱ्या पेरोनियस स्नायूंना चालवते व पावलाच्या वरच्या बहुतेक त्वचेला संवेदना देते. पोटरीच्या बाहेरच्या वरच्या भागातील त्वचेची शाखा मात्र मानेला वळसा घालण्याच्या आधीच, लवणीजवळ, फुटलेली असते. ही शेवटची गोष्ट परीक्षेपुरती पाठ करून विसरली जाते; येथे ती उपयोगी पडली.

आता तपासणी. स्नायूंची ताकद शून्य (अजिबात नाही) ते पाच (पूर्ण) या नेहमीच्या मापाने मोजली. उजवा चवडा वर उचलण्याची ताकद १, अंगठा उचलण्याची ०, पाऊल बाहेर वळवण्याची २. चवडा खाली दाबण्याची ५. गुडघा दुमडण्याची ५. कुशीवर झोपवून मांडी वर उचलायला लावली, तीही ५. टाचेची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे सारखी. पाय सरळ ठेवून उचलला असता कमरेतून कळ नाही. पावलाच्या वर आणि पहिल्या बेचक्यात स्पर्श निम्म्याहून कमी जाणवत होता. तळवा, पावलाची बाहेरची कड आणि पोटरीचा बाहेरचा वरचा भाग यांची संवेदना ठीक होती. फिब्युलाच्या मानेवर बोटाने हलके ठोकले की पावलाच्या वर झिणझिण्या जात होत्या.

यातील निर्णायक चाचणी पाऊल आत वळवण्याची. चवडा उचलणारा टिबियालिस अँटीरियर व पाऊल आत वळवणारा टिबियालिस पोस्टीरियर या दोघांतही पाचव्या कटिमुळाचे तंतू येतात, पण पहिला पेरोनियलच्या खोल शाखेवर चालतो आणि दुसरा टिबियलवर. सरकलेल्या चकतीने हे मूळ दबले असेल तर दोन्ही कमजोर व्हावेत. गुडघ्याखाली पेरोनियल दबला असेल तर पहिला बंद आणि दुसरा शाबूत असे चित्र असावे. पण ही चाचणी घेण्याची एक रीत आहे आणि ती न पाळल्यास उत्तर उलटे येते. लोंबत्या पावलाला ‘आत वळवा’ म्हटले, तर धट्टाकट्टा टिबियालिस पोस्टीरियरही दुबळा भासतो, कारण पाऊल खाली झुकलेले असताना त्याला पुरता जोर लावता येत नाही. म्हणून तपासणाऱ्याने एका हाताने घोटा काटकोनात उचलून धरावा आणि मग दुसऱ्या हाताविरुद्ध पाऊल आत वळवायला सांगावे. आधीच्या एका चिठ्ठीत ‘पाऊल आत वळवणे कमजोर’ अशी नोंद होती आणि पाचव्या मुळाकडे बोट दाखवण्यात तिचाही वाटा होता. घोटा काटकोनात धरून पाहिले तेव्हा ताकद पूर्ण ५ निघाली.

मांडी बाजूला उचलणाऱ्या ग्लुटियस मीडियसचेही तेच. त्याला वरच्या ग्लुटियल मज्जातंतूमार्फत मुख्यतः पाचव्या कटिमुळाचेच तंतू मिळतात, पण तो सायटिकच्या वाटेवर नाही. तो शाबूत असणे हा मूळ दबल्याच्या विरुद्ध दुसरा पुरावा. राहता राहिला एमआरआय. शेतात राबणाऱ्या चाळिशीनंतरच्या कमरेत चकती थोडी सरकलेली असणे हे खुरपे धरणाऱ्या हाताला घट्टे असण्याइतकेच सामान्य आहे. ते दिसले म्हणजे तेच कारण, असे होत नाही. माझ्या मते फूट ड्रॉपमध्ये काय बंद पडले याची यादी जवळजवळ नेहमीच सारखी असते, आणि जागा ठरते ती काय चालू राहिले यावरून. तपासणीच्या नोंदीत मात्र शाबूत स्नायू क्वचितच लिहिलेले आढळतात.

इंजेक्शनचा प्रश्न हाताने सुटणारा नव्हता. हकिगतीत त्याविरुद्ध दोन गोष्टी होत्या: सुई टोचताना पायभर कळ गेली नव्हती, आणि इंजेक्शन व लुळेपणा यांच्यामध्ये बाई कित्येक दिवस व्यवस्थित चालत होत्या. सायटिकमध्ये औषध गेले तर वेदना व अशक्तपणा बहुधा तत्काळ किंवा थोड्याच वेळात येतो. तरीही कुटुंब तक्रारीच्या तयारीत असताना ‘बहुधा’ पुरत नाही. येथे शरीररचनेने एक नेमका साक्षीदार ठेवला आहे. बायसेप्स फीमोरिसचे लहान डोके हा गुडघ्याच्या वरचा एकमेव स्नायू, ज्याला सायटिकच्या पेरोनियल घटकातून पुरवठा होतो. मांडीच्या मागचे बाकीचे स्नायू टिबियल घटकावर चालतात, त्यामुळे गुडघा दुमडण्याची ताकद पूर्ण असली तरी हे लहान डोके दुबळे आहे की नाही ते हाताला कळत नाही. तेथे सुईची चाचणी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्याची विद्युत नोंद घेणे, लागते.

मज्जातंतूची विद्युत तपासणी बेळगावात करून घेतली. इजेनंतर पहिल्या आठवड्यात ती केली तर तुटलेल्या तंतूंचे खालचे टोक अजून विद्युतप्रवाह वाहून नेत असते, आणि सुईने दिसणारे बदल यायला दोन-तीन आठवडे लागतात; त्यामुळे रुग्ण उशिरा आला, याचा येथे फायदाच झाला. टिबियालिस अँटीरियरवरून नोंद घेताना फिब्युलाच्या मानेखाली उत्तेजन दिले तर बऱ्यापैकी प्रतिसाद मिळत होता, आणि मानेच्या वरच्या बाजूला, लवणीत उत्तेजन दिले की तो निम्म्याहूनही खाली येत होता. म्हणजे तंतू जिवंत आहेत पण संदेश मानेशी अडतो. वरवरच्या शाखेची संवेदी नोंद डाव्या पायाच्या तुलनेत कमी होती, आणि टिबियालिस अँटीरियर व पेरोनियस लाँगस या दोहोंत काही तंतू खरोखर तुटल्याच्या खुणा सुईने दिसल्या. संवेदी नोंद कमी येणे हेही मूळ दबल्याच्या विरुद्ध जाते, कारण चकतीने मूळ दबते ते संवेदी पेशींच्या गाठीच्या अलीकडे, मज्जारज्जूच्या बाजूला, त्यामुळे पायातील संवेदी तंतू शाबूत राहतात. बायसेप्सचे लहान डोके, टिबियालिस पोस्टीरियर, ग्लुटियस मीडियस आणि पाठीचे स्नायू स्वच्छ होते. इंजेक्शनवरचा संशय येथे संपला, आणि तसे मुलाला आकृती काढून समजावून सांगितले.

या भागात फिब्युलाच्या मानेशी मज्जातंतू बिघडला असता कुष्ठरोगाचा विचार न करणे परवडणारे नाही. देशपातळीवर डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले असले तरी नवे रुग्ण सापडत राहतात, आणि कॉमन पेरोनियल हा त्या रोगाने सुजणाऱ्या मज्जातंतूंपैकी एक आहे. म्हणून दोन्ही गुडघ्यांशी, कोपरांशी, घोट्यांच्या आतल्या बाजूंना व गळ्याच्या बाजूला मज्जातंतू चाचपले आणि अंगावर बधिर चट्टे शोधले. काही सापडले नाही. रक्तातील साखर ठीक होती. सोनोग्राफीत फिब्युलाच्या मानेशी मज्जातंतू किंचित सुजलेला दिसला, पण त्याला दाबणारी पाण्याची गाठ नव्हती. गुडघ्याखालच्या छोट्या सांध्यातून अशी गाठ मज्जातंतूत शिरते, आणि ती असती तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता.

निदान असे ठरले: फिब्युलाच्या मानेशी कॉमन पेरोनियल मज्जातंतू दबणे. गुडघा पूर्ण दुमडून बसल्यावर हा मज्जातंतू एकीकडे बायसेप्सची ताणलेली कंडरा व पोटरीचे बाहेरचे डोके आणि दुसरीकडे हाड यांच्यात चेपला जातो, शिवाय पेरोनियस लाँगसची कमान त्यावर आवळते. काही मिनिटांत येणाऱ्या मुंग्या हा त्याचाच सौम्य प्रकार. तासन्‌तास तसेच राहिले, आणि आजारपणाने हाडाच्या मानेवरची चरबीची गादी झिजलेली असली, की मुंग्यांवर थांबत नाही. गावातल्या इतर बायाही त्याच रांगेत बसून भांगलत होत्या आणि त्यांना काही झाले नाही. मला फरक दिसतो तो तापात उतरलेल्या वजनाचा.

ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात तंतू अखंड पण संदेश अडलेला, दुसऱ्यात आतला तंतू तुटलेला पण आवरण टिकलेले, तिसऱ्यात सगळेच तुटलेले. येथे पहिला प्रकार मुख्य आणि दुसऱ्याची भर, असे मिश्रण होते. पहिला काही आठवड्यांत सुधारतो. दुसऱ्यात तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वेगाने पुन्हा वाढतात. बाईंना दोन वेगांनी सुधारणा होईल असे आधीच सांगून ठेवले, म्हणजे मध्येच प्रगती मंदावल्यासारखी वाटली तर त्या मिरज किंवा गोव्याच्या फेऱ्या सुरू करणार नाहीत.

उपचारांत औषधाला फारसे स्थान नव्हते. उकिडवे बसणे आणि मांडीवर मांडी टाकणे पूर्ण बंद. टाचेची कंडरा आखडू नये म्हणून घरच्यांनी दिवसातून अनेकदा चवडा हाताने वर ओढून ताण द्यायचा. हे राहून गेले तर मज्जातंतू सुधारूनही पाऊल वर येत नाही. चवडा धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार बुटात घालायचा असतो आणि पावसाळ्यातल्या चिखलात खेड्यातली बाई बूट घालत नाही, म्हणून मागे पट्टा असलेली सँडल आणि घोट्यापासून चवड्याला वर ओढणारा लवचीक पट्टा अशी सोय केली. रात्रीसाठी तेवढा प्लास्टिकचा आधार ठेवला. त्याची वरची पट्टी फिब्युलाच्या मानेवर येणार नाही हे स्वतः बोट घालून पाहिले, कारण आधाराच्या किंवा प्लास्टरच्या काठानेच हा मज्जातंतू दबल्याची उदाहरणे कमी नाहीत. विजेचे शेक लावून घ्यावेत का, असे मुलाने विचारले. त्यांनी मज्जातंतू लवकर वाढतो याचा भरवशाचा पुरावा नसल्याने, खानापूरहून रोजच्या बसभाड्याला ते माझ्या मते परवडणारे नव्हते.

सहाव्या आठवड्याला चवडा उचलण्याची ताकद ३ वर आली, पाऊल बाहेर वळवण्याची ४ वर. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी चवडा ४ वर होता आणि चालताना पाऊल घासत नव्हते, पण अंगठा अजून २ वरच होता. अंगठ्याच्या स्नायूची शाखा नडगीच्या बऱ्याच खाली मिळते, त्यामुळे तुटलेल्या तंतूंना तेथवर पोचायला वेळ लागणे स्वाभाविक आहे. बेचक्यातली त्वचा अर्धवट बधिर होती. सुगी तोंडावर आली होती आणि त्यांना भात कापायला जायचे होते. उभ्याने वाकून कापायला परवानगी दिली. बसून करायच्या कामाला वीतभर उंचीचा पाट घ्यायचा, गुडघा पूर्ण दुमडू द्यायचा नाही, आणि मुंग्या आल्या की लगेच उठून चालायचे, असे ठरले. अंगठ्याची ताकद सहाव्या महिन्यापर्यंत वाढली नाही, तर सुईची चाचणी पुन्हा करायची आहे.